दिल्ली दर्शन (खानदेशातून)

दिल्ली दर्शन : भारताच्या राजधानीतील ऐतिहासिक वास्तू, देवस्थाने, राष्ट्रीय स्मारके आणि बाजार पाहण्यासाठी केलेला प्रवास. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत हा प्रवास सहसा एकट्या दिल्लीपुरता नसतो. हरिद्वार-ऋषिकेश, मथुरा-वृंदावन, वैष्णोदेवी किंवा चारधाम यांच्या वाटेवर दिल्लीच्या वाट्याला एक-दोन दिवस येतात. गावातील वीस-पंचवीस माणसे मिळून रेल्वेचे आरक्षण करतात, किंवा यात्रा कंपनीच्या बसने निघतात. अशा बसबरोबर आचारी, गॅसची शेगडी आणि भांडी असतात, त्यामुळे वरण-भात-पोळी वाटेतही सुटत नाही. शाळा-महाविद्यालयांच्या सहली आणि राजकीय कामासाठी जाणारे कार्यकर्ते हे या प्रवासाचे आणखी दोन प्रकार.

मार्ग आणि हंगाम

मुंबई-दिल्ली हा मध्य रेल्वेचा जुना मार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ असा खानदेशातून जातो आणि पुढे बऱ्हाणपूर, खंडवा, इटारसी, भोपाळ, झाशी, आग्रा करत दिल्ली गाठतो. पंजाब मेल, कर्नाटक एक्सप्रेस, गोवा एक्सप्रेस, सचखंड एक्सप्रेस या गाड्या इथल्या माणसांच्या तोंडी असतात. मुंबई-हजरत निजामुद्दीन राजधानी एक्सप्रेस २०१९ मध्ये सुरू झाली आणि तिला जळगावला थांबा मिळाला. भुसावळहून दिल्ली सुमारे १,१०० किलोमीटर आहे. साध्या मेल-एक्सप्रेसला अठरा-वीस तास लागतात. धुळ्याची माणसे चाळीसगाव किंवा जळगाव गाठतात. नंदुरबार पश्चिम रेल्वेच्या सुरत-भुसावळ मार्गावर असल्याने तेथून एक गाडी बदलावी लागते.

खानदेशी माणसाला उन्हाचे भय नसते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा अनेकदा पंचेचाळिशीला टेकतो, दिल्लीचा उन्हाळा त्याहून फार वेगळा नाही. त्रास होतो तो थंडीचा. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी अखेरपर्यंत उत्तरेत दाट धुके पडते आणि गाड्या तासन् तास उशिरा धावतात. दिवाळीच्या सुट्टीत जाण्याची रीत मोठी आहे, पण त्याच सुमारास दिल्लीची हवा सर्वांत वाईट असते. दमेकरी आणि म्हातारी माणसे बरोबर असतील तर ही वेळ टाळलेलीच बरी. फेब्रुवारी आणि मार्चचा पहिला पंधरवडा सर्वांत चांगला. कापूस घरात आलेला असतो, गव्हाच्या काढणीला अवकाश असतो, आणि राष्ट्रपती भवनाचे अमृत उद्यान (२०२३ पूर्वीचे मुघल गार्डन) साधारण याच दिवसांत लोकांसाठी उघडते. शाळकरी मुलांच्या परीक्षा मात्र आड येतात.

गर्दी

२०११ च्या जनगणनेनुसार दिल्लीच्या १,४८३ चौरस किलोमीटरमध्ये १ कोटी ६८ लाख माणसे राहत होती, म्हणजे चौरस किलोमीटरला अकरा हजारांहून अधिक. जळगाव जिल्हा आकाराने जवळजवळ आठपट, आणि तिथे हे प्रमाण ३६० च्या आसपास होते. हा फरक चांदणी चौकात पाऊल टाकताच अंगाला जाणवतो. गटाने गेलेल्यांची ताटातूट होते ती बहुधा मेट्रोत. डिसेंबर २००२ मध्ये सुरू झालेली मेट्रो हे दिल्ली पाहण्याचे सर्वांत स्वस्त आणि भरवशाचे साधन आहे, पण राजीव चौकासारख्या स्थानकात पिवळ्या मार्गावरून निळ्या मार्गावर जाताना माणसांचे लोंढे सांभाळावे लागतात. पहिला डबा स्त्रियांसाठी राखीव असतो. बायका तिकडे आणि पुरुष मागे बसले की उतरायचे कुठे यावरून गोंधळ होतो, म्हणून स्थानकाचे नाव चढण्याआधीच सगळ्यांनी पाठ करून ठेवावे.

नवी दिल्ली स्थानकाला दोन बाजू आहेत : पहाडगंज आणि अजमेरी गेट. मेट्रो अजमेरी गेटच्या बाजूला आहे, स्वस्त लॉज पहाडगंजच्या. ‘तुमचे तिकीट रद्द झाले’, ‘तुमचे हॉटेल बंद आहे’ असे सांगून प्रवाशाला भलत्याच कार्यालयात नेणारे दलाल या भागात फिरतात. हिंदी येत असल्याने खानदेशी प्रवासी बोलण्यात कमी पडत नाही. तेवढ्याने विश्वास टाकू नये.

नेहमीचा फेरा

एका दिवसाच्या दर्शन-बसचा फेरा ठरलेला असतो : बिर्ला मंदिर, राष्ट्रपती भवन बाहेरून, इंडिया गेट, इंदिरा गांधी स्मारक, कुतुबमिनार, कमळ मंदिर, राजघाट, लाल किल्ला, जमले तर अक्षरधाम. लाल किल्ला, कमळ मंदिर, अक्षरधाम आणि राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद असतात, त्यामुळे सोमवारी दिल्लीत पोहोचलेल्या गटाचा निम्मा दिवस वाया जातो. कुतुबमिनार सुमारे ७३ मीटर उंच आहे. १९८१ च्या दुर्घटनेनंतर आत चढू देत नाहीत. इंडिया गेटजवळचे राष्ट्रीय युद्धस्मारक २०१९ चे. सैन्यात मुलगा-भाऊ असलेली खानदेशातील कुटुंबे तिथल्या भिंतींवर कोरलेली नावे वाचत बराच वेळ थांबतात, आणि तो वेळ बसवाल्याने दिला पाहिजे.

हा फेरा वाईट नाही, पण खानदेशातून आलेल्या माणसाला दिल्लीत स्वतःच्या मुलखाचे जे धागेदोरे सापडू शकतात, ते त्यात नेमके सुटतात.

दिल्लीतील खानदेशाच्या खुणा

पहिली जागा हजरत निजामुद्दीन. गोवा एक्सप्रेस किंवा राजधानीने येणारा प्रवासी याच नावाच्या स्थानकावर उतरतो आणि तिथून रिक्षा करून थेट शहरात निघून जातो. ज्यांच्या नावाचे हे स्थानक, त्या निजामुद्दीन औलिया (मृत्यू १३२५) यांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब दख्खनेत आले आणि खुलताबादला त्यांची कबर झाली. पुढे १४०० च्या सुमारास खानदेशचा फारुकी सुलतान नासिरखान याने तापीकाठी नगर वसवले, त्याला या शिष्याचे नाव दिले. तेच बऱ्हाणपूर, खानदेशची जुनी राजधानी. दिल्लीत निजामुद्दीन बस्तीतील औलियांच्या दर्ग्यात गुरुवारी संध्याकाळी कव्वाली असते. गल्ली अरुंद आहे, चपला आणि खिसा सांभाळून जावे.

दर्ग्यापासून थोड्या अंतरावर, मथुरा रोडलगत अब्दुल रहीम खानखाना (१५५६–१६२७) याची कबर आहे. शाळेत ज्याचे दोहे पाठ केले तोच हा रहीम. १६०१ मध्ये अकबराने बऱ्हाणपूरजवळचा असीरगड किल्ला घेऊन फारुकी सत्ता संपवली. रहीम दख्खनेतील मुघल सेनापती म्हणून बऱ्हाणपुरात दीर्घकाळ राहिला, आणि शहराला पाणी पुरवणारी कुंडी भंडारा ही भुयारी योजना त्याच्याच काळातली, १६१५ ची मानली जाते. दिल्लीतील ही वास्तू त्याने मुळात पत्नी माहबानूसाठी १५९८ मध्ये उभारली. अठराव्या शतकात तिचे संगमरवर आणि वाळूचे दगड काढून सफदरजंगाच्या मकबऱ्याला लावले गेले. अनेक वर्षांच्या दुरुस्तीनंतर २०२० मध्ये ती पुन्हा खुली झाली. जवळच्या हुमायूनच्या मकबऱ्याला रांग लागलेली असते आणि इथे मोजकी माणसे दिसतात. खानदेशातील शिक्षकांनी सहल आणली तर आधी इथे आणावी. एक दोहा म्हणावा, तापीच्या पाण्याची गोष्ट सांगावी. मुलांना इतिहासाचा नकाशा एका जागी उलगडतो.

दुसरी जागा बंगला साहिब गुरुद्वारा. कनॉट प्लेसपासून पायी जाता येते. हा बंगला मुळात मिर्झाराजे जयसिंगांचा. शिखांचे आठवे गुरू हरकिशन १६६४ मध्ये इथे राहिले होते. पुढच्या वर्षी, १६६५ मध्ये, याच मिर्झाराजांनी शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह केला, आणि १६६७ मध्ये दख्खनेतून परतताना बऱ्हाणपुरात त्यांचा मृत्यू झाला. त्यांची छत्री तिथे आजही आहे. गुरुद्वाऱ्यात डोके झाकून जावे लागते. लंगर सर्वांसाठी खुला असतो आणि गर्दी कितीही असली तरी पंगतीला शिस्त असते. भंडाऱ्यात वाढायची सवय असलेल्या गावच्या माणसांना तिथे सेवेला उभे राहावेसे वाटते, आणि राहू देतात.

लाल किल्ल्याचे नाते आणखी खोल आहे. शाहजहान दख्खनच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपुरात तळ देऊन होता. तिथेच जून १६३१ मध्ये मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात वारली. १६३९ मध्ये त्याने यमुनेकाठी नवी राजधानी बांधायला घेतली आणि १६४८ मध्ये किल्ला पुरा झाला. दिवाण-ए-खासमध्ये वर पाहताना मराठी माणसाने हेही जाणून घ्यावे, की इथल्या छताची चांदी पानिपतच्या मोहिमेत, १७६० मध्ये, पैशांची चणचण पडल्यावर सदाशिवरावभाऊंनी काढली. किल्ल्यासमोर चांदणी चौकात शिरताच लागणारे गौरीशंकर मंदिर अप्पा गंगाधर या मराठा सरदाराने बांधल्याचे सांगतात.

तीनमूर्ती भवनात, पंतप्रधान म्हणून नेहरू राहत त्या घरात, आता पंतप्रधान संग्रहालय आहे. हेच नेहरू डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातील फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन. राष्ट्रपती भवन आतून पाहण्यासाठी ऑनलाइन नोंदणी लागते, आणि जळगावच्या माणसाने ती आवर्जून करावी : बोदवड तालुक्यातील नाडगावात जन्मलेल्या, जळगाव आणि एदलाबादच्या आमदार राहिलेल्या प्रतिभाताई पाटील २००७ ते २०१२ या काळात देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती म्हणून इथे राहत होत्या.

भुसावळच्या रेल्वे कुटुंबांसाठी चाणक्यपुरीतील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय (१९७७). वाफेची जुनी इंजिने पाहताना तिथे घरची म्हातारी माणसे मुलांची शिक्षक होतात.

आझादपूर मंडी

ही जागा कुठल्याही दर्शन-बसच्या यादीत नसते. रावेर, सावदा, निंभोरा येथून पिढ्यान् पिढ्या रेल्वे वॅगनमधून केळी दिल्लीकडे जात आली. आता ट्रकही जातात. घड कच्चेच पाठवतात, ते तिकडे पिकवले जातात. केळीचा बोर्ड भाव (बाजार समिती जाहीर करते तो दर) चढतो-उतरतो त्यात उत्तरेतील मागणीचा मोठा हात असतो, म्हणून रावेर-यावलच्या बांधावर दिल्लीचे नाव राजकारणाआधी बाजार म्हणून येते. आझादपूर ही देशातील सर्वांत मोठ्या फळ-भाजी मंड्यांपैकी एक. मेट्रोने जाता येते, पण पहाटे गेले तरच लिलाव दिसतो. वाहने, हमाल, चिखल यांमुळे लहान मुलांना नेऊ नये. केळी उत्पादकाने मात्र दिल्लीतील एक पहाट इथे घालवावी : आपल्या मालाची तिथे प्रतवारी कशी होते, वाटेत तो किती काळवंडतो आणि ग्राहकाच्या हाती कोणत्या भावाने पडतो हे डोळ्यांनी पाहिले की पॅकिंग आणि कटाईच्या वेळेबद्दलचा विचार बदलतो.

खाणे, मुक्काम, खरेदी

निघताना दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि चिवडा असतोच. दिल्लीतील टोमॅटो-मलईच्या भाज्या खानदेशी जिभेला गोडसर लागतात. छोले-भटुरे आणि पराठेवाल्या गल्लीतील तुपात तळलेले पराठे आवडतात. कस्तुरबा गांधी मार्गावरील महाराष्ट्र सदनात मराठी जेवण मिळते. खरेदीला करोल बाग आणि सरोजिनी नगर. सुका मेवा व मसाल्यासाठी खारी बावली, तिथे घासाघीस केल्याशिवाय घेऊ नये.

परतीचा मार्ग मथुरा आणि आग्र्यावरूनच जातो, म्हणून बरेच जण एक दिवस आग्र्याला उतरतात. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. ज्यांच्या हाताशी आणखी एक दिवस आहे त्यांनी भुसावळच्या अलीकडे बऱ्हाणपूरला उतरावे. तापीपलीकडे जैनाबादला आहुखाना (मुघलांची हरणबाग) आहे; मुमताजचा देह आग्र्याला नेण्यापूर्वी सुमारे सहा महिने तिथे दफन होता. शहराबाहेरच्या कुंडी भंडाऱ्यात लिफ्टने खाली उतरून रहीमच्या काळातले वाहते पाणी पाहता येते.