टोमॅटोची बांधणी आणि मोडलेल्या खोडाची जोडणी

टोमॅटोचे खोड कोवळे, रसदार असते. फळे धरली की ते स्वतःचा भार पेलू शकत नाही, म्हणून झाडाला आधार देतात. यालाच शेतकरी बांधणी म्हणतात. जुन्नर, नारायणगाव भागातील टोमॅटोच्या शेतांत बांबू, तार आणि सुतळीची बांधणी सर्रास दिसते. सह्याद्रीच्या घाटालगत कारवीच्या काठ्याही वापरतात. परसबागेत किंवा कुंडीत एका झाडाला एक काठी पुरते, मात्र ती रोप लावतानाच रोवावी. नंतर रोवली तर मुळे तुटतात. सुतळी काठीला घट्ट आणि खोडाभोवती सैल, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गुंडाळावी. खोड पुढे जाड होते आणि आवळलेली सुतळी त्यात रुतते. वाऱ्यात मोडलेली पुष्कळ झाडे नेमकी अशा काचलेल्या जागीच मोडलेली आढळतात.

खोड मोडले म्हणून झाड लगेच उपटू नये. पाणी वर नेणारे प्रकाष्ठ आणि पानांतले अन्न खाली आणणारे परिकाष्ठ यांचा थोडा भाग जरी सलग उरला असेल, तर जखमेच्या कडांच्या पेशी वाढून दोन्ही बाजू सांधतात. कलम जुळते तेही याच गुणामुळे. जोडणी मोडल्यावर लगेच, जखम ओली असतानाच करावी. भाग अलगद जुळवून, बाहेरून पातळ काडीचा टेकू देऊन कलमपट्टीने गुंडाळावे. कलमपट्टी नसेल तर साधी चिकटपट्टी चालते. वरची फळे काढून टाकावीत, काही दिवस सावली करावी आणि माती ओलसर ठेवावी. तंबाखू हाताळलेले हात आधी साबणाने धुवावेत, कारण तंबाखूतील मोझॅक विषाणू जखमेतून टोमॅटोत शिरतो.

शेंडा पूर्ण तुटला तरी तो वाया जात नाही. टोमॅटोच्या खोडाला कुठेही मुळे फुटतात. खालची पाने काढून शेंडा ओल्या मातीत खोचला की त्याचे नवे रोप होते. उरलेल्या बुंध्यावरचा जोमदार बगलफुटवा राखला तर तोही मुख्य खोडाची जागा घेतो.

वांगी, मिरचीची दुभंगलेली फांदी अशीच बांधता येते. भोपळ्याचे खोड पोकळ असल्याने जोडणी अवघड जाते. तिथे मोडलेल्या जागेच्या पुढची पेरे मातीने झाकून मुळे फुटू देणे बरे. मका मात्र असा सांधत नाही, कारण त्याच्या खोडात ती वाढ घडवणारा थर नसतो.

जोडलेल्या जागी गाठ धरली की पट्टी सोडावी. काठी मात्र हंगाम संपेपर्यंत काढू नये.