डीबीएसनंतर मुलांना पुन्हा शिकवायचं काय? एका उपचारपद्धतीची पार्श्वभूमी

डिस्टोनिया या हालचालींच्या विकारात स्नायू आपोआप आवळतात, मान वळते, हात पिळवटतो. औषधांनी भागलं नाही तर डीबीएस करतात, म्हणजे मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवून त्यातून सतत सौम्य विद्युत स्पंदनं देतात. फ्रान्समधल्या ग्रेनोबलला बेनाबिड आणि पोलाक यांनी 1987 मध्ये हा उपचार सुरू केला, तो कंपवातासाठी. मुलांपर्यंत तो पोचला फ्रान्समधल्याच मॉंपेलिएचे मेंदू-शल्यचिकित्सक फिलिप कूब यांच्यामुळे. डीवायटी-1 या आनुवंशिक प्रकारच्या डिस्टोनियात ग्लोबस पॅलिडस या मेंदूतल्या खोल भागाला उत्तेजन दिल्यावर रुग्णांमध्ये, त्यातही मुलांमध्ये, मोठी सुधारणा झाल्याचं त्यांनी 2000 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. 2003 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने सात वर्षांवरच्या डिस्टोनियाग्रस्तांसाठी डीबीएसला मर्यादित स्वरूपाची मंजुरी दिली.

पण दवाखान्यात येणारी बरीच मुलं सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे जन्माच्या आसपास मेंदूला इजा झाल्याने हालचाली बिघडलेली असतात. त्यांना डीवायटी-1च्या मुलांइतका फायदा होत नाही. 1985 पासून वापरात असलेल्या बर्क-फान-मार्सडेन या डिस्टोनियाची तीव्रता मोजणाऱ्या मापनात त्यांचे गुण जेमतेम हलतात, तरी घरचे मात्र फरक पडल्याचं सांगतात. लंडनच्या एव्हलिना बाल रुग्णालयात ज्याँ-पिएर लिन यांच्या चमूतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमवायला मदत करणाऱ्या तज्ज्ञ) हॉर्टेन्सिया गिमेनो यांनी हे गांभीर्याने घेतलं. हात किती पिळवटतो एवढंच न मोजता, मुलाला रोजचं कुठलं काम जमवायचंय आणि ते किती जमलं, हे त्यांनी विचारायला घेतलं. त्यासाठी 1990च्या सुमारास कॅनडात तयार झालेलं सीओपीएम हे साधन हाताशी होतं. माझ्या मते या इतिहासातलं खरं वळण हेच आहे.

कारण शस्त्रक्रियेने पिळवटणं कमी झालं तरी चमचा धरायची कला आपोआप येत नाही. जन्मापासून अवयव मनासारखे न हललेल्या मुलाला ती मुळात शिकायलाच मिळालेली नसते. इथे को-ऑप ही पद्धत उपयोगी पडली. ती हेलेन पोलाताइको आणि अँजेला मँडिक यांनी कॅनडात विकसित केली, तीही वेगळ्याच मुलांसाठी: हालचालींत समन्वय नसलेल्या, धडपडणाऱ्या मुलांसाठी. तिचा गाभा मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड माइकेनबॉम यांच्याकडून घेतलेला आहे. काय करायचंय ते ठरव, कसं करायचं ते योज, कर, मग जमलं का ते बघ.

समजा, मुलीला स्वतः पेल्यात पाणी ओतायचंय. थेरपिस्ट तिचा हात धरत नाही, ‘असं कर’ही म्हणत नाही. पाणी सांडतं. मग थेरपिस्ट विचारते, ‘कुठे अडलं गं?’ मुलगी विचार करते आणि सांगते, ‘कोपर हवेत होतं.’ पुढच्या वेळी ती कोपर टेबलावर टेकवते. युक्ती तिची स्वतःची असते, म्हणून ती दुसऱ्या कामातही वापरून बघते.

गिमेनो आणि पोलाताइको यांनी सहकाऱ्यांसह डीबीएस झालेल्या मुलांवर ही पद्धत वापरून पाहिली आणि निष्कर्ष 2019 मध्ये ‘न्यूरॉलॉजी’ नियतकालिकात मांडले. मुलं मोजकी होती, म्हणून प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्याच आधीच्या स्थितीशी केली. मुलांनी निवडलेल्या कामांत सुधारणा दिसली. एवढ्या लहान गटावरून सर्वांसाठी नियम काढता येत नाही. पण शस्त्रक्रियेच्या आखणीतच थेरपीसाठी जागा आणि खर्च धरायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.