पाठलागपीडितांचे सुरक्षा-नियोजन

नकार स्पष्ट असूनही वारंवार मागे लागणाऱ्या, संपर्क साधणाऱ्या किंवा पाळत ठेवणाऱ्या व्यक्तीपासून होणारा धोका कमी करण्यासाठी पीडित व्यक्तीने आखलेली आणि वेळोवेळी बदललेली व्यवस्था. येण्याजाण्याचे मार्ग, फोन व खाती, पुराव्याची नोंदवही आणि विश्वासातली माणसे हे तिचे मुख्य भाग होत. प्रस्तुत नोंदीत गोव्यातील परिस्थिती प्रामुख्याने विचारात घेतली आहे.

संज्ञा : ‘पाठलाग’ हा शब्द पायांपुरता आहे. गुन्ह्याच्या कायदेशीर व्याख्येत इंटरनेट, ई-मेल वा अन्य इलेक्ट्रॉनिक संपर्कावर लक्ष ठेवणेही येते. ‘पाळत’ त्याला जवळचा, पण त्यात लोचटपणे संपर्क साधणे येत नाही. कोकणीतील ‘फाटीं लागप’ त्या मानाने पुष्कळ व्यापक. ‘एकतर्फी प्रेम’ हा वृत्तपत्री प्रयोग येथे टाळला आहे. पॉल मलन, मिशेल पाथे या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये केलेल्या वर्गीकरणात पाठलाग करणाऱ्यांचे पाच प्रकार आहेत : नाकारला गेलेला, जवळीक शोधणारा, रीत न कळणारा प्रणयेच्छू, डूख धरणारा आणि सावज हेरणारा. यांपैकी शेवटच्या दोघांचा प्रेमाशी संबंध नाही. नियोजनासाठी हा भेद उपयोगी ठरतो. नाकारल्या गेलेल्या माजी जोडीदाराला पासवर्ड, नातेवाईक आणि घराच्या मागच्या दाराची कडीही ठाऊक असते, अनोळखी माणसाला नसते. त्रास केव्हा ‘पाठलाग’ होतो यावर मतभेद आहेत. याच गटाच्या २००४ मधील अभ्यासाने दोन आठवड्यांची मर्यादा सुचवली : त्यापुढेही चालू राहिलेला त्रास सहसा आपोआप थांबत नाही.

उगम : याविषयी दोन मते आहेत. पहिले मत कॅलिफोर्नियाच्या १९९० च्या कायद्याकडे बोट दाखवते. १९८९ मध्ये तेथे एका तरुण अभिनेत्रीची तिच्या दारात हत्या झाली. मारेकऱ्याने तिचा पत्ता खाजगी गुप्तहेरामार्फत वाहन नोंदणी खात्यातून मिळवला होता. पुढे वॉशिंग्टन राज्याने १९९१ मध्ये पीडितांना पर्यायी टपाल पत्ता देण्याची योजना सुरू केली आणि १९९४ मध्ये वाहनचालकांच्या माहितीच्या गोपनीयतेचा संघीय कायदा झाला. दुसरे मत उगम त्याआधीच्या, साधारण १९८० च्या दशकातील कौटुंबिक हिंसापीडितांच्या निवाऱ्यांत शोधते. तेथील कार्यकर्त्या, पीडित स्त्रीबरोबर बसून, कागदावर योजना लिहून काढत. नियोजनाची पद्धत निवाऱ्यांतून आली आणि पत्ता लपवण्याचा आग्रह कॅलिफोर्नियाच्या अनुभवातून, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

हा आग्रह गोव्यात फारसा चालत नाही. पोदेर (पाववाला), बसचा कंडक्टर, वाड्यावरचा दुकानदार यांना कोण कुठे राहतो हे तोंडपाठ असते. जमिनीचा एक-चौदाचा उतारा (महाराष्ट्रातील सात-बारासारखा) गाव आणि सर्व्हे क्रमांक टाकला की संगणकावर दिसतो; त्यावर कब्जेदारांची नावे असतात. मतदारयादीत घर क्रमांक आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव येते. म्हणून येथील योजना लपण्यावर उभी न करता, कोणाला काय सांगायचे आणि कोणाला सांगायचे नाही, हे ठरवण्यावर उभी करावी लागते. पाच-सहा माणसे पुरतात : शेजारीण, कामाच्या ठिकाणचा सुरक्षारक्षक, घरमालक, मुलांच्या शाळेतील एक शिक्षिका, वाड्यावरचा पंच (पंचायत सदस्य). त्यांना पाठलाग करणाऱ्याचा फोटो, गाडीचा क्रमांक आणि एकच सूचना द्यावी : तो आला तर काही सांगू नये, वाद घालू नये, वेळ टिपून फोन करावा. चुका बहुधा भल्या माणसांकडून होतात. ‘समजूत काढतो’ म्हणून मध्यस्थी करणारा काका हा माहिती फुटण्याचा नेहमीचा मार्ग.

हालचाल : वाटा आणि वेळा बदलाव्यात हा सर्वत्र दिला जाणारा सल्ला, बदलायला वाट असेल तर तो ठीक. दिवाडी बेटावरून निघणाऱ्याला फेरीबोटीवाचून गत्यंतर नाही आणि धक्क्यावर वाट पाहणाऱ्याला सारे दिसते. अशा ठिकाणी वाटेपेक्षा सोबत बदलावी. पायलट (मोटरसायकल टॅक्सीवाला) लागल्यास ओळखीचाच घ्यावा. चवथीकडे (गणेश चतुर्थी) सहसा दुर्लक्ष होते. त्या दिवसांत माणूस मूळ घरी असणारच, हे सगळ्या गोव्याला माहीत असते. जत्रा व फेस्ताचेही (चर्चचा उत्सव) तसेच. घरच्यांशी आधी बोलून कोण सोबत असेल, रात्री मुक्काम कुठे, हे ठरवावे.

फोन व उपकरणे : क्रम महत्त्वाचा. संशयित फोनवरूनच पासवर्ड बदलले तर नवा पासवर्डही पलीकडे कळू शकतो. दुसऱ्याच्या, विश्वासातल्या फोनवरून आधी ई-मेल, मग त्याचा पर्यायी क्रमांक व पर्यायी मेल, नंतर बँक आणि समाजमाध्यमे. व्हॉट्सअ‍ॅपमधील ‘लिंक्ड डिव्हायसेस’ तपासावे. तेथे चारपर्यंत जोडलेली उपकरणे असू शकतात. द्विस्तरीय पडताळणीचा सहा आकडी पिन लावावा. गूगल मॅप्समधील स्थान वाटप पाहावे. आयफोनवर आयओएस १६ पासून ‘सेफ्टी चेक’ आहे; आपली माहिती कोणाला दिसते ते त्यात तपासून बंद करता येते. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर दिसते. छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर त्यातील स्थानाची नोंद तशीच जाते. शिवाय बाल्कांवची (ओसरीची) फरशी, दारावरचे अझुलेजो (रंगीत चित्रफरश्या) किंवा मागचा खुरीस (क्रूस) यांवरून घर ओळखायला गावच्या माणसाला नोंद लागतच नाही.

हेरगिरीचे अ‍ॅप सापडताच काढू नये. पुरावा जातो आणि नियंत्रण सुटल्याचे समोरच्याला लगेच कळते; धोका वाढण्याची हीच वेळ.

स्कूटरवर लपवलेली यंत्रे दोन जातींची. एअरटॅगसारखा ब्लूटूथ टॅग नाण्याएवढ्या सीआर२०३२ सेलवर साधारण वर्षभर चालतो. अनोळखी टॅगची सूचना आयफोन आणि नवे अँड्रॉइड फोन देतात, पण ती यायला वेळ लागतो, म्हणून सेटिंगमधून हाताने शोध घ्यावा. सिमकार्डावर चालणारा जीपीएस ट्रॅकर मात्र या शोधात सापडतच नाही. त्यासाठी सीटखाली, बॅटरीच्या कप्प्यात, पुढच्या एप्रनच्या आत, नंबरप्लेटच्या मागे डोळ्यांनी पाहावे लागते; बॅटरीला जोडलेली जादा वायर ही खूण. सापडल्यास जागेवरच फोटो घ्यावेत आणि गाडी घरी न नेता थेट पोलीस स्थानकावर न्यावी. एअरटॅगला फोन टेकवल्यास त्याचा अनुक्रमांक दिसतो. पोलीस त्यावरून मालकाची माहिती मागवू शकतात.

नोंदवही : तारीख, वेळ, ठिकाण, काय घडले, कोणी पाहिले, काय केले. प्रत्येक घटनेची नोंद त्याच दिवशी करावी. स्क्रीनशॉटमध्ये सेव्ह केलेले नाव नव्हे, क्रमांक दिसला पाहिजे. दुकानांच्या सीसीटीव्हीचे चित्रण बहुधा १५ ते ३० दिवसांत पुसले जाते, म्हणून ते जपण्याचे पत्र पोलिसांकडून लगेच द्यायला लावावे. मूळ फोन विकू वा रीसेट करू नये. अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले. मूळ उपकरणच हजर केल्यास ते लागत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात आता हॅश मूल्यही (फाइलचा डिजिटल ठसा) द्यावे लागते.

नकार एकदा, लेखी, कारणाविना द्यावा : ‘मला तुमच्याशी कोणताही संपर्क नको. फोन, मेसेज, भेट काहीही करू नका.’ पाठलागाच्या गुन्ह्याच्या कलमाला (खाली पाहा) ‘स्पष्ट अनिच्छा’ लागते ती यात येते. नंतर पूर्ण मौन. चाळीस फोन न उचलता एक्केचाळिसावा उचलला, तर एक्केचाळीस वेळा फोन करावा लागतो एवढेच तो शिकतो. क्रमांक ब्लॉक करावा की नाही याविषयी दुमत आहे. पुरावा येत राहावा म्हणून तो आवाज बंद करून ठेवणे बरे, मात्र वाचण्याचे काम दुसऱ्या कोणाकडे सोपवावे.

कायदा : न्या. वर्मा समितीच्या अहवालानंतर ३ फेब्रुवारी २०१३ च्या अध्यादेशाने भारतीय दंड संहितेत पाठलागाच्या गुन्ह्याचे कलम ३५४-ड आले. अध्यादेशातील शब्दरचना लिंगनिरपेक्ष होती. त्याची जागा घेणाऱ्या अधिनियमात ‘पुरुषाने स्त्रीचा’ असे झाले. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ लागू आहे : पहिल्या दोषसिद्धीला ३ वर्षांपर्यंत, पुढच्या वेळी ५ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पहिला गुन्हा जामीनपात्र आहे. तक्रारीच्या दिवशीच आरोपी सुटू शकतो, म्हणून योजना तक्रारीआधी तयार हवी. पोलीस स्थानकातून परत कुठे जायचे हेही तीत असावे. सोबत कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खालील, शांतता राखण्याच्या बंधपत्राची मागणी करावी. पोलिसांच्या बोलीत ही ‘चॅप्टर केस’. मुदत कमाल एक वर्ष. पती किंवा एकत्र राहिलेला जोडीदार असल्यास २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातील संरक्षण आदेश अधिक टणक, कारण त्याचा भंग अजामीनपात्र आहे.

पीडितेची तक्रार महिला अधिकाऱ्यानेच नोंदवावी लागते आणि ती कोणत्याही पोलीस स्थानकात देता येते. ती घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे. बलात्कारपीडितेची ओळख उघड करण्यास असलेली मनाई कलम ७८ ला आपोआप लागू होत नाही. एफआयआर संवेदनशील मानून संकेतस्थळावर टाकू नये, असा अर्ज त्याच वेळी द्यावा. तातडीसाठी ११२, महिलांसाठी १८१.

पुरुष पीडितांना कलम ७८ उपलब्ध नाही. धमकी व अडवणुकीच्या कलमांवर भागवावे लागते. अठरा वर्षांखालील मुलामुलींचा लैंगिक हेतूने वारंवार पाठलाग पॉक्सो कायद्याच्या कलम ११ मध्ये येतो.