हात आखडता का राहतो?

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देशव्यापी टाळेबंदीचा तो पहिलाच दिवस. ठाण्यात राम मारुती रोडला पाडव्याला एरवी चालायला जागा नसते. त्या दिवशी सराफांची, कपड्यांची, टीव्ही-फ्रिजची सगळी दुकानं बंद होती. पुढे २ एप्रिल २०२२ च्या पाडव्याला राज्यातले कोरोनाचे निर्बंध पूर्ण उठलेले होते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, सगळं सुरळीत झालं. पण रिझर्व्ह बँकेचा ग्राहक विश्वास निर्देशांक तेव्हाही शंभराच्या बराच खाली होता.

मनातला भरवसा आकड्यात कसा बसवतात? रिझर्व्ह बँक दर दोन महिन्यांनी मोठ्या शहरांतल्या कुटुंबांना पाच गोष्टी विचारते: देशाची आर्थिक परिस्थिती, रोजगार, भाव, घरचं उत्पन्न आणि घरचा खर्च. वर्षापूर्वीपेक्षा आज कसं आहे आणि वर्षभराने कसं असेल, एवढंच सांगायचं. समजा, शंभरांतले ३० म्हणाले ‘सुधारलं’, ५० म्हणाले ‘बिघडलं’, उरलेल्यांना फरक वाटला नाही. तीसातून पन्नास गेले, उणे २०. पाचही प्रश्नांच्या अशा उत्तरांची सरासरी काढून ती १०० मध्ये मिळवली की झाला निर्देशांक. १०० च्या वर आशा जास्त, खाली निराशा जास्त. मे २०२१ मध्ये सद्यस्थितीचा निर्देशांक ४८.५ वर आला. तोवरचा तो नीचांक होता.

नेमक्या त्याच काळाचे, एप्रिल ते जून २०२१ चे, जीडीपीचे आकडे आले तेव्हा बातमी होती २०.१ टक्के वाढीची! हा विरोधाभास वाटतो, पण थोडं गणित केलं की उलगडतो. आदल्या वर्षी याच तिमाहीत २३.९ टक्के घट जाहीर झाली होती. म्हणजे १०० चे ७६ झाले आणि ७६ वर वीस टक्के वाढून ९१. विक्रमी वाढीनंतरही देश दोन वर्षांपूर्वीच्या मागेच होता आणि घराघरांत लोकांना ते कळत होतं. सर्वेक्षणात लोक ‘वाईट’ म्हणतात तेव्हा त्यांना अर्थशास्त्र कळत नाही असं समजणारे बरेच भेटतात. मला ते मुळीच पटत नाही.

या विषयाचा पाया घातला तो जॉर्ज काटोना यांनी. मूळचे हंगेरीचे, शिक्षणाने मानसशास्त्रज्ञ. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत पुन्हा मंदी येणार, अशी अनेक अर्थतज्ज्ञांना धास्ती होती. त्या काळात मिशिगन विद्यापीठात काटोना थेट कुटुंबांनाच विचारू लागले, तुम्ही काय घेणार आहात? त्यांचं म्हणणं साधं होतं: खर्चाला ऐपत लागते, तशी मनाची तयारीही लागते. ऐपत पगाराच्या पावतीवर दिसते. तयारी विचारल्याशिवाय कळत नाही.

वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात नोकरी असलेल्या एखाद्या घराचा विचार करा. कपात झालेला पगार पूर्ववत झाला आहे. फ्रिज बारा वर्षांचा, नीट थंड होत नाही. ऐपत आहे, हप्त्यांची सोयही आहे. तरी घरात ठरतं, ‘सध्या गॅस भरून घेऊ, दिवाळीला बघू.’ दूध, भाजी, शाळेची फी पुढे ढकलता येत नाही. फ्रिज, दुचाकी, घराचं रंगकाम येतं. म्हणून भरवसा डळमळला की पहिला फटका टिकाऊ वस्तूंना बसतो. आणि लाखो घरांनी एकदमच ‘दिवाळीला बघू’ म्हटलं, तर फ्रिजच्या कारखान्यातल्या कामगाराचा ओव्हरटाइम जातो आणि मग त्याच्याही घरी हेच ठरतं. भारताच्या जीडीपीत घरगुती खर्चाचा वाटा ६० टक्क्यांच्या आसपास आहे, तेव्हा ही साखळी किती लांब जाते ते लक्षात येईल.

मात्र मनःस्थिती आणि खर्च नेहमी हातात हात घालून चालत नाहीत. जून २०२२ मध्ये अमेरिकेत महागाई ९.१ टक्क्यांवर गेली आणि मिशिगन विद्यापीठाचा ग्राहकांच्या भरवशाचा निर्देशांक ५० पर्यंत घसरला, तोही तिथला तोवरचा नीचांक. तरी लोक खर्च करत राहिले, कारण बेरोजगारी अवघी ३.६ टक्के होती आणि कोरोनाकाळात साठलेली शिल्लक खात्यात होती. चीनमध्ये उलटं घडलं. २०२२ च्या एप्रिलमध्ये, शांघाय बंद असताना, तिथला निर्देशांक एकदम कोसळला. वर्षअखेरीस निर्बंध उठले तरी तो सावरला नाही. घरांच्या किमती उतरत होत्या आणि चिनी कुटुंबांची बरीचशी पुंजी घरातच अडकलेली. माझ्या मते यातून एक फरक स्पष्ट होतो: महागाईने माणूस चिडतो, पण हात आखडतो तो नोकरीच्या आणि पुंजीच्या काळजीने.

मग सरकारला काही करता येतं का? सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी कमी केलं, डिसेंबरअखेरपर्यंत. त्यापुढे मार्चपर्यंत सवलत दोन टक्के. घोडबंदर रोडच्या ८० लाखांच्या फ्लॅटवर तीन टक्के म्हणजे २ लाख ४० हजार वाचले. गृहकर्जही तेव्हा सात टक्क्यांच्या खाली मिळू लागलं होतं. नोंदणीला झुंबड उडाली. इथे मुदतीचं महत्त्व फार: सवलत कायमची असती तर लोक थांबलेच असते. पण अशा खरेदीतला काही भाग पुढच्या महिन्यांतून उसना आणलेला असतो, आणि ज्याची नोकरीच जाण्याच्या बेतात आहे तो कुठल्याही सवलतीत घर घेत नाही.

म्हणून निर्देशांकाची बातमी वाचताना एकूण आकड्यावर थांबू नये. रोजगाराबद्दल लोक काय म्हणाले ते आधी पाहावं. खर्च वाढल्याचं म्हटलं असेल तर तो आवश्यक वस्तूंवरचा की इतर, हेही पाहावं. रिझर्व्ह बँक दोन्हींची उत्तरं वेगवेगळी देते. तेल-डाळ महागल्याने वाढलेला खर्च आणि आनंदाने घेतलेला फ्रिज, एकूण खर्चात दोन्ही ‘वाढ’ म्हणूनच दिसतात.