जुनी स्पॅनिश रेड नेताय? मग आधी हे वाचा

तोरो किंवा रिबेरा देल दुएरो या स्पेनच्या भागांतल्या रेड वाइनची जुनी बाटली नेलेल्या ग्राहकांचे फोन बहुधा रात्री नऊनंतर येतात, आणि तक्रार ठरलेली असते: 'तळाशी गाळ आहे, बाटली खराब निघाली, बदलून द्या.' बाटली खराब नसते. पण पाहुणे समोर बसलेले असताना फोनवर हे पटवणं आम्हाला जमत नाही आणि तुम्हालाही ऐकवत नाही. म्हणून हे पत्रक. बिलासोबत घरी न्या आणि बाटली उघडण्याच्या आधी वाचा, नंतर नको.

तोरोचंच उदाहरण घेऊ, कारण स्पेनच्या दणकट रेडमध्ये वयाचा फरक तिच्यात सगळ्यात ठळक दिसतो. स्पेनच्या वायव्येला, समोरा प्रांतात, दुएरो नदीकाठचा हा भाग. द्राक्ष तेंप्रानियो या स्पेनच्या प्रसिद्ध जातीचंच, पण तिथल्या वाणाला तिंता दे तोरो म्हणतात: जाड सालीचं आणि कडक उन्हात पिकलेलं. जमीन बरीचशी रेताड. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या फिलॉक्सेरा किडीने युरोपातले मळे उद्ध्वस्त केले, तिला रेतीत तग धरता येत नाही. त्यामुळे कलम न केलेल्या जुन्या वेली तिथे आजही उभ्या आहेत. जाड साल म्हणजे भरपूर रंग आणि भरपूर टॅनिन, म्हणजे तुरट घटक, आणि ऊन म्हणजे साखर, जिचं पुढे अल्कोहोल होतं. म्हणून लेबलवर साडेचौदा-पंधरा टक्के अल्कोहोल दिसलं तर दचकू नका.

दोन-तीन वर्षांची तोरो ग्लासात ओतली की पलीकडचं बोट दिसत नाही, इतकी ती जांभळट काळी असते. वास काळ्या बेरींचा, आलुबुखाराचा, थोडा ज्येष्ठमधाचा. वाइन मुरवायचं पिंप अमेरिकन ओकच्या लाकडाचं असेल तर व्हॅनिला आणि भाजलेल्या खोबऱ्याची छटाही येते. घोट घेतला की कच्ची सुपारी चघळल्यासारखी जीभ आखडते. हा तुरटपणा टॅनिनचा. सहा-आठ वर्षांनी हेच द्राक्ष ओल्या फळाकडून सुक्या अंजिराकडे सरकतं. ओकचा वास वेगळा काढून दाखवता येत नाही आणि तुरटपणाची धार बोथट होते. आमच्या मते चांगल्या तोरोची ऐन उमेद हीच. बारा-पंधरा वर्षांनी ग्लास तिरका धरून पांढऱ्या कागदावर पाहिलं तर कडेला विटकरी रंग दिसतो. मग चामडं, तंबाखू, ओली माती असे वास पुढे येतात. काहींना हे फार आवडतं, काहींना 'फळ कुठे गेलं?' असं वाटतं. दोन्ही मंडळी आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त आपण कोणत्या गटात बसतो ते महागडी बाटली घेण्याआधी ठाऊक असावं.

एक गोष्ट मात्र वयाने कमी होत नाही: अल्कोहोल. फळ ओसरलं आणि टॅनिन बसलं, तरी ते पंधरा टक्के तिथेच असतात. म्हणून प्रत्येक दणकट वाइन ठेवण्यालायक असतेच असं नाही. लेबलवर 'होवेन' (तरुण) किंवा 'रोब्ले' (ओकच्या पिंपात थोडाच काळ राहिलेली) लिहिलेली बाटली तीन-चार वर्षांत पिऊन टाकावी. ती दहा वर्षं ठेवली तर म्हातारी होते, मुरत नाही.

आता गाळ. टॅनिन आणि रंगाचे रेणू वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटत राहतात, वाढतात, वाइनमध्ये विरघळलेले राहू शकत नाहीत आणि तळाशी बसतात. तुरटपणा कमी होतो आणि रंग फिका पडतो तो बराचसा यामुळेच. थोडक्यात, ज्या मऊपणासाठी तुम्ही जास्त पैसे मोजले, त्याचाच हा साका आहे. कधी त्यात चकाकणारे बारीक कणही दिसतात. ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक. दोन्ही निरुपद्रवी, पण तोंडात आले की कचकच आणि कडवट.

आणि ते तोंडात येतात ते एकाच चुकीमुळे. संध्याकाळी सहाला बाटली घेतली, स्कूटरच्या डिकीत टाकली, वाटेतले सगळे गतिरोधक मोजले आणि आठला उघडली. बसलेला साका असा पूर्ण ढवळला जातो. मग चहाच्या गाळणीतून गाळायचा प्रयत्न होतो. बारीक साका गाळणीतून सरळ खाली येतो आणि वाइन गढूळच राहते. त्या रात्री त्यावर इलाज नाही.

इलाज आदल्या दिवशीचा आहे. बाटली घरी नेल्यावर किमान एक दिवस, जमल्यास दोन, उभी ठेवा आणि हलवू नका. उघडताना मानेवरचं फॉइल पूर्ण काढा, तोंड पुसा. जुनं बूच ठिसूळ असतं, घाई केली की त्याचा चुरा आत पडतो. त्यासाठीचा दोन पात्यांचा ओपनर आमच्याकडे मिळतो. मग काचेच्या जगमध्ये एकाच संथ धारेत निथळून घ्या. मानेखाली मोबाइलचा टॉर्च धरा. काळी रेघ खांद्यापाशी आली की थांबा. अर्धा ग्लास बाटलीत राहील, तो सोडून द्या.

निथळल्यावर जुनी वाइन ताटकळत ठेवू नका, पंधरा-वीस मिनिटांत प्यायला घ्या. एक-दोन तास जगमध्ये ठेवायची ती तरुण वाइन. वाढायची सोळा ते अठरा अंशांना. पुण्यातल्या मे महिन्यात 'रूम टेंपरेचर'चा नियम विसरा, उघडण्याआधी बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. पण दारात नको, आतल्या कप्प्यात आणि उभीच.

म्हणूनच जुनी बाटली मागितली की आम्ही आधी विचारतो, 'कधी उघडणार?' काहींना ही भोचक चौकशी वाटते. उत्तर 'आज रात्री' असेल तर आम्ही तीन-चार वर्षांची, स्वस्त बाटली पुढे करतो. यात नुकसान आमचंच आहे. एकतीस डिसेंबरच्या संध्याकाळी तर जुनी बाटली आम्ही काढतच नाही. तांबड्या रश्श्याचा बेत असेल तरी काढू नका असंच सांगू. त्या तिखटापुढे पंधरा वर्षांचा नाजूकपणा कळणार नाही आणि अल्कोहोल मात्र जाळेल.

'मग तरुण बाटली घेऊन घरीच मुरवू का?' हा दुसरा नेहमीचा प्रश्न. बारा ते पंधरा अंशांचं वाइन कपाट असेल तर खुशाल, आडवी ठेवून. माळा, शोकेस, फ्रिजच्या डोक्यावरची जागा यांपैकी काहीही चालणार नाही. एका उन्हाळ्यात बूच वर सरकतं, फॉइलखाली चिकट ओघळ येतो आणि फळाचा वास उकळलेल्या जॅमवर जातो. ते मुरणं नव्हे, शिजणं. आमचा माल थंड कंटेनरमधून येतो आणि दुकानात चौदा अंशांवर राहतो. किंमत थोडी जास्त दिसते ती त्यामुळे.

खरं तर स्पेनच्या बाबतीत मुरवण्याचं काम बरंचसं तिथेच झालेलं असतं. रिओहा या भागातली, लेबलवर 'ग्रान रेसेर्वा' लिहिलेली रेड नियमाने किमान पाच वर्षं थांबते, त्यातली किमान दोन पिंपात आणि दोन बाटलीत. रिबेरातल्या वेगा सिसिलिया या वाइन घराण्याची 'उनिको' तर सुगीनंतर साधारण दहा वर्षांनी बाजारात येते. नामवंत तोरो बाटल्यांवर असे शब्द बहुधा नसतात, तिथे लेबलवरचं सुगीचं वर्ष पाहायचं. चव घेऊन ठरवायचं असेल तर एकाच घराण्याच्या तोरोच्या नव्या आणि जुन्या वर्षाच्या दोन बाटल्यांची जोडी आम्ही थोड्या सवलतीत देतो.

बाटली खरोखर खराब असू शकते. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला, किंवा उघडण्याआधीच बूच गळालेलं दिसलं, तर बदलून देऊ. बूच, बिल आणि उरलेली वाइन दुसऱ्या दिवशी दुकानात आणा. बाटली निम्मी तरी भरलेली असू द्या. रिकामी बाटली आणून 'खराब होती' म्हणणाऱ्यांशी आम्ही वाद घालत नाही, पण बदलूनही देत नाही.