‘व्हँडलिझम’ : एका जमातीच्या माथी मारलेला शब्द

सार्वजनिक किंवा सांस्कृतिक ठेव्याची हेतुपुरस्सर नासधूस या अर्थाने इंग्रजीत रुळलेला ‘व्हँडलिझम’ हा शब्द मराठी लेखनातही अधूनमधून जसाच्या तसा वापरला जातो. पाचव्या शतकात रोम लुटणाऱ्या व्हँडल जमातीवरून तो आला, एवढी व्युत्पत्ती सहज सापडते, आणि त्या जमातीच्या करणीतूनच तो जन्मला असावा, असा समज होतो. प्रत्यक्षात ती लूट आणि हा शब्द यांच्यात तेराशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. तो पॅरिसमध्ये, फ्रेंच राज्यक्रांतीच्या ऐन धामधुमीत, एका धर्मगुरूने घडवला, आणि त्यामागे राजकीय निकड होती.

हा धर्मगुरू म्हणजे आंरी ग्रेग्वार (१७५०–१८३१). ब्लुआचा बिशप, ज्यूंच्या नागरी हक्कांचा आणि गुलामगिरी निर्मूलनाचा पुरस्कर्ता आणि कट्टर प्रजासत्ताकवादी अशी त्याची ओळख होती. १७९४ च्या जानेवारीत, जुने शिलालेख जपण्याची बाजू मांडताना, त्याने हा शब्द वापरला. ३१ ऑगस्ट १७९४ रोजी नॅशनल कन्व्हेन्शनपुढे, म्हणजे क्रांतिकाळातल्या फ्रेंच प्रतिनिधीसभेपुढे, मांडलेल्या अहवालाच्या तर तो शीर्षकातच आला, आणि त्याच वर्षी त्याने या विषयावर आणखी दोन अहवाल सादर केले. ती गोष्टच संपवण्यासाठी आपण हा शब्द निर्माण केला, असे त्याने पुढे आठवणींत लिहून ठेवले आहे.

ती गोष्ट काय होती, हे पाहिल्याशिवाय शब्दाची धार कळत नाही. ऑगस्ट १७९२ मध्ये राजसत्ता कोसळल्यावर सरंजामशाहीची आठवण देणारी सार्वजनिक स्मारके हटवण्याचा हुकूम निघाला. पुढच्या वर्षी सँ-दनी येथील राजघराण्याच्या कबरी उद्ध्वस्त करण्याचे ठरले. ऑक्टोबर १७९३ मध्ये शतकानुशतकांचे राजे-राण्या शवपेट्यांतून बाहेर काढून खड्ड्यांत टाकण्यात आले आणि पेट्यांचे शिसे वितळवण्यात आले. त्याच सुमारास नोत्र-दाम कॅथेड्रलच्या दर्शनी भागावरचे अठ्ठावीस दगडी राजे खाली ओढून त्यांची मुंडकी उडवली गेली. वस्तुतः हे बायबलमधल्या यहुदा राज्याचे राजे होते, पण फ्रान्सचे राजे समजून त्यांना ही शिक्षा मिळाली. त्यांपैकी एकवीस मुंडकी १९७७ मध्ये पॅरिसमधल्या एका इमारतीच्या कामात जमिनीखाली सापडली आणि आता ती क्लुनी संग्रहालयात आहेत. काहींच्या चेहऱ्यांवर मूळ रंगाच्या खुणा अजून दिसतात.

यातला बराचसा विध्वंस कायदेशीर ठरावांनी झाला होता, आणि ठराव करणाऱ्या सभागृहातच ग्रेग्वार बसत होता. जुलै १७९४ मध्ये क्रांतीतल्या जहाल गटाचा नेता रोब्सपिएर याचा पाडाव झाल्यावर महिन्याभरातच आलेल्या त्या अहवालात दोष गेला तो पायउतार झालेल्या गटाकडे आणि परकीयांच्या कारस्थानाकडे. क्रांतीच्या पोटातून निघालेल्या कृत्याला क्रांतीबाहेरचे नाव हवे होते, आणि बचाव करायला कोणीही उरलेले नसलेली एक रानटी जमात त्यासाठी सोयीची होती. (याच ग्रेग्वारने त्याच वर्षी जूनमध्ये फ्रान्समधल्या बोलीभाषा नष्ट करून सर्वत्र फ्रेंच रुजवण्याच्या गरजेवर अहवाल मांडला होता. दगडी पुतळ्यांबद्दलचा त्याचा कळवळा बोलींपर्यंत पोहोचला नाही.)

मूळ व्हँडल खरोखर तसे होते का? ही जर्मानिक जमात ४०६ च्या अखेरीस ऱ्हाइन नदी ओलांडून गॉलमध्ये (आजच्या फ्रान्समध्ये) आणि तेथून स्पेनमध्ये शिरली, ४२९ मध्ये गायसेरिकच्या नेतृत्वाखाली उत्तर आफ्रिकेत उतरली आणि ४३९ मध्ये कार्थेज घेऊन तेथे तिने राज्य थाटले. ४५५ च्या जूनमध्ये तिचे आरमार रोमपाशी आले, तेव्हा पोप पहिला लिओ गायसेरिकला सामोरा गेला. कत्तल आणि जाळपोळ टाळण्याची त्याची विनवणी बऱ्याच अंशी मान्य झाली, असे तत्कालीन बखरकार प्रॉस्पर सांगतो. त्यानंतर चौदा दिवस शिस्तीत लूट चालली. ज्युपिटरच्या मंदिराचे सोन्याचा मुलामा दिलेले निम्मे छप्परसुद्धा उतरवून नेले, असे सहाव्या शतकातला इतिहासकार प्रोकोपियस याने लिहिले आहे; सम्राज्ञी युडॉक्सिया आणि तिच्या दोन्ही मुलीही कार्थेजला नेल्या गेल्या. लूट मोठी होती, यात शंका नाही. पण छप्पर उतरवून जहाजात भरणाऱ्याला त्याची किंमत ठाऊक असते, आणि निरर्थक मोडतोडीचा ठपका त्याच्यावर बसत नाही. पुढे पूर्व रोमन साम्राज्याचा सेनापती बेलिसारियस याने ५३३–५३४ मध्ये हे राज्य बुडवले आणि जमात इतिहासातून पुसली गेली. ती एरियन या, कॅथलिकांनी पाखंडी ठरवलेल्या ख्रिस्ती पंथाची होती आणि आफ्रिकेतल्या कॅथलिकांचा तिने छळ केला होता; तिचा इतिहास आपल्यापर्यंत आला तो मुख्यत्वे याच विरोधकांच्या लेखणीतून.

अर्थात ग्रेग्वारच्या आधीही हे नाव बदनाम होते. इंग्रज कवी ड्रायडनने १६९४ मध्येच गॉथ (आणखी एक जर्मानिक जमात) आणि व्हँडल यांना एका दमात कलाकृतींचे वैरी ठरवले होते. ग्रेग्वारने त्या नावाला ‘इझम’ जोडून व्यक्तीवरचा दोष प्रवृत्तीवर नेला. काही जर्मन विद्वानांनी आपल्या पूर्वजांची नाहक बदनामी होते म्हणून हरकत घेतली. पण तोवर शब्द सरहद्द ओलांडून गेला होता, आणि १७९८ च्या सुमारास तो इंग्रजीतही आला.

इंग्रजीत त्याचा अर्थ हळूहळू आकसत गेला. एकोणिसाव्या शतकात जुन्या चर्चची बेफाम डागडुजी करणाऱ्यांनाही तो लावला जाई. विसाव्या शतकात मात्र तो प्रामुख्याने फोडलेल्या फोन बूथवर आणि रंगवलेल्या भिंतींवर येऊन ठेपला. राज्यसत्तेने केलेल्या विध्वंसासाठी घडवलेला शब्द अशा रीतीने रिकामटेकड्या पोरांपुरता उरला.

महाराष्ट्रात त्याचे नेमके उदाहरण अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीच्या निमित्ताने तेथे पोहोचलेल्या जॉन स्मिथ या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने बोधिसत्त्वाच्या चित्रावर आपले नाव आणि तारीख कोरली. तेव्हा लेण्यात साचलेल्या ढिगाऱ्यावर तो उभा होता, म्हणून ती अक्षरे आज माणसाच्या नजरेच्या बरीच वर दिसतात. लेणी पुन्हा उजेडात आणल्याचे श्रेय त्याला दिले जाते. आज तेच कृत्य १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली गुन्हा ठरले असते. २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतात.