हँडब्रेक केबलचे रिस्टोरेशन (जुन्या मोटारी)

जुन्या मोटारीला कारखान्यात बसवलेली हँडब्रेक केबल टाकून न देता ती तपासून, साफ करून, वंगण देऊन आणि लागेल तेवढाच भाग बदलून पुन्हा वापरात आणणे, म्हणजे हँडब्रेक केबलचे रिस्टोरेशन. बाजारात तयार केबल मिळत असतानाही हा खटाटोप केला जातो. मूळ केबलची टोके, कंस आणि कव्हरची लांबी त्या गाडीसाठी नेमकी असते. नव्या प्रतिकृतींत ती हमखास जुळतेच असे नाही. मात्र जपायच्या त्या याच गोष्टी. आतली तार हा झिजणारा भाग आहे, आणि मूळपणाच्या हौसेपायी खराब तार गाडीत ठेवणे चुकीचे आहे.

बहुतेक हँडब्रेक केबल अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनेच्या असतात (पेटंट १८९६). आत बारीक पोलादी तारांचे पेड वळून केलेली लवचिक दोरी आणि बाहेर तारेच्या घट्ट वेटोळ्यांचे कव्हर असते. आतली तार ताण घेते, कव्हर तेवढाच दाब घेते. त्यामुळे कव्हर दबले किंवा त्याची वेटोळी फाकली तर तार धडधाकट असूनही लिव्हर वर येत राहतो आणि ब्रेक लागत नाही. टोकांना फोर्क, आट्यांची दांडी, डोळा किंवा गोळी असते. बऱ्याच गाड्यांत लिव्हरचा ओढा आधी समतोलक पट्टीवर येतो आणि तिथून दोन्ही मागच्या ड्रमकडे (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या भांड्यांकडे) सारखा वाटला जातो. अपवाद आहेतच: सिट्रोएन डीएस, साब ९९ आणि अल्फासूद या गाड्यांत पार्किंग ब्रेक पुढच्या चाकांवर लागतो.

तारेवर येणारा जोर थोडाथोडका नसतो. हाताने ३०० न्यूटन ओढ दिली आणि लिव्हरचे गुणोत्तर १:६ धरले, तर समतोलकापर्यंत सुमारे १,८०० न्यूटन पोहोचतात, म्हणजे घर्षण सोडल्यास प्रत्येक बाजूला ९०० न्यूटन.

केबल बिघडते ती मुख्यतः पाण्याने. टोकाची रबरी टोपी फाटली की पाणी आत शिरते, कव्हरच्या सर्वांत खालच्या बाकाशी साचते आणि तिथेच गंज धरतो. अशा वेळी ब्रेक लागतो, पण सुटत नाही. याचे कारण साधे आहे: ओढायला माणसाचा हात असतो, परत न्यायला फक्त शूंची (ड्रमला आतून दाबणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्यांची) स्प्रिंग. थोडे अंतर गाडी चालवल्यावर एका बाजूचा ड्रम दुसऱ्यापेक्षा जास्त तापलेला आढळला, तर आधी त्या बाजूची केबल तपासावी.

केबल उतरवण्याआधी तिचा मार्ग, क्लिपांच्या जागा आणि समायोजन नटापुढे उरलेले आटे यांची छायाचित्रे घ्यावीत. कव्हरची लांबी आणि बाहेर दिसणाऱ्या तारेची लांबी वेगवेगळी मोजावी. मग तारेवरून सुती फडके फिरवावे. तुटलेली एकेक तार डोळ्याला दिसत नाही, पण फडक्याचा धागा तिच्यात अडकतो. हे उघड्या बोटाने केले तर ती सुईसारखी आत घुसते. टोकाच्या दाबबंद फेरूलला (तारेवर दाबून बसवलेल्या धातूच्या टोपीला) लागून असलेला भाग आणि रोलरवरून वळणारा भाग सर्वांत आधी जातो. एक जरी तार तुटलेली असली, पेड सैल झाले असले किंवा गंजाने खड्डे पडले असले, तर ती तार बाद. त्यावर मतभेदाला जागा नाही.

तार चांगली असेल तर केबल उभी टांगतात, वरच्या टोकाला रबरी नळीच्या तुकड्याचे नरसाळे बांधतात आणि पातळ भेदक तेल ओततात. तार वरखाली हलवत राहिल्यावर खालून आधी तपकिरी गाळ येतो, मग हळूहळू स्वच्छ तेल. घाई केली तर गाळ आतच राहतो. त्यानंतर जाड तेल किंवा ग्रीस भरतात. मूळ कव्हरवर ग्रीस निपल (ग्रीस भरण्याचे तोंड) असेल तर काम सोपे होते. कापडी वेष्टनाचे कव्हर मात्र द्रावकात बुडवू नये, वेष्टनावरचे लाखेचे लेपन सुटते. आत प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या नंतरच्या केबलना तर निर्मात्याने सांगितलेलेच वंगण द्यावे.

तार बदलायची असल्यास मूळ फोर्क आणि दांड्या राखून त्यांत त्याच व्यासाची व त्याच विणीची नवी तार यंत्राने दाबून बसवतात आणि ओढ देऊन चाचणी घेतात. हे काम त्यातल्या जाणकाराकडेच द्यावे. वेल्डिंग किंवा पितळी झाळण इथे चालत नाही, कारण ओढून कडक केलेल्या तारेचे बळ उष्णतेने जाते. टोकांवर नव्याने जस्ताचा मुलामा चढवायचा तर तोही तार बसवण्याआधी. तार आत असताना मुलाम्याच्या टाकीत बुडवल्यास द्रव पेडांत अडकून राहतो. शिवाय आम्ल आणि विद्युत मुलाम्यामुळे उच्च ताणाच्या पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकते. याच कारणाने तारेचा गंज तीव्र आम्लाने काढत नाहीत.

बसवताना क्रम महत्त्वाचा: आधी ड्रममधले शू योग्य अंतरावर आणायचे, मगच केबलचा ढिलेपणा काढायचा. झिजलेल्या शूंची भरपाई केबल ताणून करण्याची सवय जुन्या गाड्यांत फार दिसते. त्याने शू कायम किंचित ओढलेले राहतात आणि स्वयंसमायोजक (शूंचे अंतर आपोआप जुळवणारा भाग) असेल तर त्याचे कामही बिघडते. लिव्हर सोडल्यावर दोन्ही चाके मोकळी फिरली पाहिजेत, ओढल्यावर दोन्ही सारखीच धरली पाहिजेत. क्लेव्हिस पिनांना (फोर्कमधून आरपार जाणाऱ्या खिळ्यांना) थोडे ग्रीस आणि त्या निसटू नयेत म्हणून नव्या स्प्लिट पिना द्याव्यात. नवी तार सुरुवातीच्या वापरात थोडी लांबते, म्हणून काही दिवसांनी समायोजन पुन्हा तपासतात. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवत नाहीत, कारण शू ड्रमला चिकटतात. चाकांना अडण्या लावून लिव्हर खालीच सोडतात.